ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवताना प्रोपेलर शाफ्टचे कोन कसे जुळवायचे

इंजिन बदललं, गिअरबॉक्स बसला, गाडी रस्त्यावर आली. ताशी ६०-७० पर्यंत सगळं ठीक असतं. त्यापुढे पायाखालून घुमणारा आवाज येऊ लागतो, गिअरचा दांडा थरथरतो, आरशातलं चित्र पुसट होतं. मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या अॅक्सलपर्यंत नेणारी नळी) बॅलन्सिंगला जातो, नवे क्रॉस (त्याच्या टोकांचे कोनात फिरणारे सांधे) पडतात, टायर बदलून बघितले जातात, आणि थरथर तिथेच राहते. अशा गाड्यांमध्ये शाफ्ट बहुतेक वेळा निर्दोष असतो. इंजिनाच्या माउंटिंगला पक्कं वेल्डिंग मारलं गेलं तेव्हाच कोन चुकलेला असतो.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन-गिअरबॉक्सची रेघ ठरवायची, मग पिनियन (शाफ्ट ज्याला फिरवतो तो डिफरेन्शियलचा छोटा गिअर) तिच्याशी जुळवायचा, आणि शाफ्ट सगळ्यात शेवटी बनवायला द्यायचा. हे होईपर्यंत सगळीकडे फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारायचे. टॅक ग्राइंडरने दोन मिनिटांत सुटतो. पूर्ण वेल्ड केलेलं क्रॉस मेंबर (चासीतलं आडवं लोखंड) कापायला कुणाचं मन होत नाही, मग चुकीच्या कोनाशी तडजोड केली जाते.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा काय होतं

क्रॉसच्या दोन्ही बाजू एका रेषेत असतील तर जितका वेग आत जातो तितकाच बाहेर येतो. कोन आला की बाहेरचा वेग एका फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. १०° कोनात, मिनिटाला १००० फेऱ्यांनी एकसारख्या फिरणाऱ्या गिअरबॉक्समागचा शाफ्ट ९८५ ते १०१५ यांच्यामध्ये मागेपुढे होत राहतो. ३° ला हाच फरक ९९८.६ ते १००१.४ इतका बारीक होतो.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे काटे) एका ओळीत असतील, तर पहिल्याने केलेला चढउतार दुसरा उलटा करून टाकतो आणि पिनियनला एकसारखा वेग मिळतो. मधली नळी मात्र चढउतार सोसतच असते. त्यामुळे ‘दोन्हीकडे ८-८ आहेत, म्हणजे कटले’ हा हिशेब वेगात चालत नाही. नळीला बसणारा हा झटका कोनाच्या वर्गाने वाढतो आणि फेऱ्यांच्याही वर्गाने. कोन ३ वरून ६ झाला तर झटका चौपट, फेऱ्या दुप्पट झाल्या तरी चौपट.

यातून कामाचे आकडे असे निघतात. हायवेवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येक क्रॉसचा कोन ३° च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. शाफ्ट ३००० फेऱ्यांवर फिरत असेल तर सुमारे ५.८°, ४००० ला ४.२५° आणि ५००० ला ३.२५° ही कमाल मर्यादा धरली जाते. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये. चालत्या गाडीत पुढच्या-मागच्या क्रॉसच्या कोनांत १° पेक्षा जास्त फरक नको. आणि कोन शून्यही नको. निदान अर्धा अंश हवाच, कारण कोन नसेल तर क्रॉसच्या टोकांवरच्या कपातल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत, एकाच जागी दाब खातात आणि क्रॉसच्या दांड्यावर बारीक खाचा पाडतात. सगळं एका सरळ रेषेत बसवून खूश झालेल्या लोकांचे क्रॉस लवकर जातात ते यामुळेच.

तीन उतार, दोन कोन

बाजूने पाहिलं तर तीन रेघा दिसतात: इंजिन-गिअरबॉक्सची, शाफ्टची आणि पिनियनची. या तिन्हींचे उतार मोजायचे. क्रॉसचा कोन म्हणजे शेजारच्या दोन रेघांच्या उतारांमधला फरक. दोन्ही एकाच दिशेला उतरत असतील तर वजाबाकी, उलट दिशांना असतील तर बेरीज.

चिन्हांचा घोळ टाळायला एकच नियम पाळा: मागे जाताना खाली उतरणारी रेघ अधिक, मागे जाताना वर चढणारी उणे. गिअरबॉक्स मागे झुकलेला असतो म्हणून अधिक. पिनियनचं नाक वर असेल तर त्याची रेघही मागे जाताना खाली उतरते, म्हणून तोही अधिक. नाक जमिनीकडे झुकलेलं असेल तर उणे. आता कुठल्याही क्रॉसला सरळ वजाबाकी केली की कोन मिळतो.

एक गोष्ट इथेच लक्षात आली तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) अॅक्सल वरखाली झाला की शाफ्टचा उतार बदलतो, आणि तो दोन्ही क्रॉससाठी एकदम, सारखाच बदलतो. गिअरबॉक्स आणि पिनियन एकमेकांना समांतर असतील तर गाडी रिकामी असो वा भरलेली, दोन्ही कोन बरोबरीनेच वाढतात-घटतात. म्हणून जुळवायची असते ती समांतरता. कोन किती मोठा हे उंची आणि शाफ्टची लांबी यांवरून ठरतं.

जुनं इंजिन उतरवण्याआधी

गाडी कंपनीने बसवलेल्या स्थितीत असेल तर तिच्यापेक्षा चांगला संदर्भ मिळणार नाही. हुक लावण्याआधी हे लिहून घ्या:

- चासीच्या सरळ भागाचा, गिअरबॉक्सचा, शाफ्टचा आणि पिनियनचा उतार
- चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची
- गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लॅन्जपासून (शाफ्ट जोडायच्या चकतीपासून) पिनियनच्या फ्लॅन्जपर्यंतचं अंतर
- चासीच्या वरच्या कडेपासून त्या फ्लॅन्जच्या मध्याची खोली
- चासीच्या मध्यरेषेपासून क्रँक पुली आणि गिअरबॉक्सचं टोक किती बाजूला आहे ते

शेवटची नोंद बहुतेक लोक विसरतात. स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा पुढच्या हौसिंगला (अॅक्सल-डिफरेन्शियलच्या घराला) जागा मिळावी म्हणून कित्येक ट्रकांमध्ये इंजिन मुद्दाम थोडं एका बाजूला बसवलेलं असतं. नवं इंजिन ‘बरोब्बर मध्यात’ बसवलं की मागचा पिनियन एका बाजूला राहतो आणि वरून पाहताना नवाच कोन तयार होतो.

मोजताना गाडी कशी उभी हवी

टायरवर, स्वतःच्या वजनावर. जॅकवर हौसिंग लोंबकळत असताना घेतलेलं कुठलंही माप रद्दी आहे. जमीन थोडी उतरती असली तरी चालते, कारण आपल्याला फरक हवा आहे. फक्त सगळी मापं गाडी न हलवता एकाच जागी घ्या. चासीवर गेज ठेवून तिथे शून्य केलं तर अजून बरं. नव्या इंजिनाचं वजन वेगळं असलं की गाडीचा पुढचा भाग दबतो किंवा उठतो, तेव्हा जमिनीपेक्षा चासीच्या तुलनेत घेतलेले आकडेच जुन्या नोंदीशी ताडता येतात.

इंजिन बसवायच्या टप्प्यावर रेडिएटर, बॅटरी, बंपर, बोनेट, डिझेल यांचं वजन गाडीवर नसतं. जे नाही त्याच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवा. पाटे नवे असतील तर ते बसतात, म्हणून काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा मोजावंच लागेल हे गृहीत धरा. माल वाहणारा ट्रक असेल तर रिकामा आणि भरलेला, दोन्ही स्थितींत मोजा.

गेज कुठे ठेवायचा

०.१° दाखवणारा, चुंबक असलेला डिजिटल अँगल गेज घ्या. पाणसळ फक्त सपाटी सांगते, अंश सांगत नाही. गेज ठेवायची जागा मशिनिंग केलेली हवी. ओतीव गिअरबॉक्सच्या पोटावर, पत्र्याच्या चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेवर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर ठेवलेला गेज दीड-दोन अंश सहज फसवतो. कार्ब्युरेटरची बैठक तर टाळाच. जुन्या व्ही-८ इंजिनांच्या अनेक मॅनिफोल्डवर ती मुद्दाम तिरकी कापलेली असते, म्हणजे इंजिन मागे झुकलं तरी कार्ब्युरेटर सपाट राहावा. ती सपाट करायच्या नादात इंजिन भलत्याच उतारावर बसतं.

इंजिन-गिअरबॉक्ससाठी क्रँक पुलीचा उभा चेहरा किंवा मागच्या फ्लॅन्जचा उभा चेहरा घ्या आणि ९०° मधून वजा करा. दोन्हीकडे मोजा. फरक पडला तर दोन्ही जागा पुन्हा पुसा, रंगाचा पापुद्रा किंवा कडेची बर (धातूची उठलेली धार) सापडेल.

पिनियनची सगळ्यात खात्रीची जागा क्रॉसच्या कपाचा तळ. शाफ्ट हाताने फिरवून पिनियनच्या योकचा एक कान बरोबर खाली आणा. कपाखालची सर्कलिप (कप अडवणारी कडी) काढा, तळावरचं ग्रीस आणि गंज कापडाने पुसा, आणि गेज शाफ्टच्या लांबीच्या दिशेने टेकवा. गेज किंचित डुगडुगला तर सर्कलिपच्या खाचेची कड आड येतेय, दोन मिलिमीटर सरकवा. आकडा लिहा. आता शाफ्ट अर्धी फेरी फिरवून दुसरा कान खाली आणा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांची सरासरी घ्या. अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत आली तर योक वाकलाय किंवा कप तिरका बसलाय, तो आधी बघा.

शाफ्टचा उतार नळीच्या मोकळ्या भागावर घ्या, वेल्डची शिवण आणि बॅलन्सचं वजन सोडून. पाव-पाव फेरी फिरवून चार आकडे, सरासरी. शाफ्ट अजून नसेल तर दोन्ही फ्लॅन्जच्या मध्यांमध्ये दोरी ताणून उतार काढता येतो: दोन मध्यांच्या उंचीतला फरक भागिले आडवं अंतर. १ मीटरवर १७.५ मिमी फरक म्हणजे १°. हा एक आकडा पाठ असला की निम्मे हिशेब तोंडी होतात.

इंजिनाची रेघ ठरवणं

आधी आडवी दिशा. चासीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांमधून कर्ण मोजून मध्यरेषा काढा आणि जमिनीवर खडूने आखा. क्रँक पुलीच्या मध्यातून आणि गिअरबॉक्सच्या टोकातून ओळंबा सोडा. दोन्ही टोकं मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर हवीत. पूर्ण इंजिन २५ मिमी बाजूला असलं तर बिघडत नाही, पण पुढे २५ आणि मागे १० म्हणजे इंजिन वाकडं बसलंय.

बाजूला सरकलेल्या इंजिनामुळे शाफ्ट वरूनही तिरका दिसतो, आणि तो कोन खऱ्या कोनात मिसळतो. दोन्ही कोनांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं. गिअरबॉक्स आणि पिनियन यांच्यात ४० मिमी आडवा फरक आणि शाफ्ट १३०० मिमी असेल तर वरून १.८° येतात. बाजूने २.५° असतील तर क्रॉसला प्रत्यक्षात ३.१° सोसावे लागतात. बाजूने मोजून ‘अडीचच तर आहेत’ म्हणणाऱ्यांची गफलत इथे होते.

मग उतार. बहुतेक ट्रक-पिकअपमध्ये इंजिन मागे २ ते ४° झुकलेलं असतं, ३° धरून सुरुवात करा. त्याहून जास्त झुकवलं तर पंख्याचा तळ रेडिएटरकडे सरकतो, चेंबरमधलं तेल मागे साठतं आणि पुढे असलेली सक्शनची जाळी कोरडी पडू शकते. कमी ठेवलं तर गिअरबॉक्सचं टोक उंच राहतं आणि पुढच्या क्रॉसचा कोन वाढतो. इंजिनाची उंची खाली चेंबर आणि पुढचा अॅक्सल ठरवतात, वर बोनेट. पुढचे पाटे पूर्ण दबले तरी चेंबर कशालाही टेकता कामा नये. ते जॅकने दाबूनच बघा, नजरेने नको.

माउंटिंगला टॅक मारताना रबर खरे आणि त्यांच्यावर इंजिन-गिअरबॉक्सचं पूर्ण वजन असू द्या. हॉइस्टवर अर्धं तोललेलं इंजिन ठेवून टॅक मारले की हॉइस्ट सोडल्यावर रबर दबतात आणि मोजून घेतलेला उतार बदलतो. जुने तेल पिऊन फुगलेले रबर मोजमापासाठीसुद्धा वापरू नका. गिअरबॉक्सखालच्या क्रॉस मेंबरची जागा अशी करा की माउंटिंगखाली १०-१२ मिमीचं पॅकिंग घालता-काढता येईल. पुढे रस्त्यावरच्या चाचणीत हीच सोय उपयोगी पडते.

पिनियन किती खाली ठेवायचा

अॅक्सलेटर दाबला की टॉर्कच्या उलट धक्क्याने हौसिंग फिरतं, पाटे किंचित एस आकारात वळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत नाक समांतरतेपेक्षा थोडं खाली ठेवतात, म्हणजे चालताना ते वर येऊन समांतर होतं. साध्या, चांगल्या पाट्यांना १ ते २° पुरतात. लांब, मऊ किंवा थकलेल्या पाट्यांना जास्त लागतात, पण तिथे खरा उपाय पाटे दुरुस्त करणं हाच. टॉर्शन सांभाळणारी लिंक असलेल्या सस्पेन्शनमध्ये १° पुरेसा.

समजा मोजल्यावर असं निघालं: गिअरबॉक्स ०.५°, शाफ्ट ५.५°, पिनियनचं नाक ३° वर. पुढचा कोन ५.५ − ०.५ = ५°, मागचा ५.५ − ३ = २.५°. दुप्पट फरक. थरथर ठरलेली.

इंजिन माउंटिंगपासून गिअरबॉक्सचं माउंटिंग ९०० मिमी आणि मागचा फ्लॅन्ज ११०० मिमी मागे आहे, शाफ्ट १३०० मिमी. गिअरबॉक्स माउंटिंगला २४ मिमी खाली घेतलं की उतार १.५° वाढून २° होतो. त्यासोबत फ्लॅन्ज सुमारे २९ मिमी खाली जातो आणि शाफ्टचा उतार १.३° ने कमी होऊन ४.२° वर येतो. म्हणजे पुढचा कोन ५ वरून २.२ झाला. एका हालचालीने दोन रेघा बदलल्या, हे विसरलं की गिअरबॉक्स गरजेपेक्षा जास्त खाली जातो.

आता पिनियन ३° वर आहे, तो पाटा आणि हौसिंगची बैठक यांच्यामध्ये २° ची पाचर घालून १° वर आणू. पिनियनचा फ्लॅन्ज अॅक्सलच्या मध्यापासून ३०० मिमी पुढे असेल तर नाक झुकताना तो फ्लॅन्जही १० मिमी खाली येतो आणि शाफ्टचा उतार ४.७° होतो. उभ्या गाडीत पुढे २.७°, मागे ३.७°. चालताना नाक १° उठलं की पिनियन २°, शाफ्ट ४.४°, आणि दोन्ही कोन २.४-२.४°. हवं होतं ते मिळालं.

पाचर कशी बसवायची

नाक खाली करायचं असेल आणि पाटे हौसिंगच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे. नाक वर करायचं असेल तर जाड बाजू मागे. पाटे हौसिंगच्या खाली असलेल्या गाडीत हे बरोबर उलट. पाचर स्टीलची घ्या, पाट्याच्या रुंदीइतकीच. मऊ अॅल्युमिनियमची पाचर ओझ्याखाली चुरडते, यू बोल्ट ढिले पडतात आणि मग मधला सेंटर बोल्ट तुटून हौसिंग सरकतं. पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब सेंटर बोल्ट लागतो, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण उतरलं पाहिजे. यू बोल्ट नवे. एकदा ताणलेल्या जुन्या यू बोल्टला पुन्हा तेवढाच ताण राहत नाही. चारही नट तिरक्या क्रमाने, थोडेथोडे आवळा.

४° पेक्षा जास्त फिरवायचं असेल तर पाचरी रचू नका. हौसिंगवरच्या बैठका कापून नव्या कोनात वेल्ड करा. तेव्हाही आधी टॅक, मग गाडी टायरवर उतरवून मोजमाप, मगच पूर्ण वेल्डिंग, आणि तेही थोडं-थोडं करत, आलटून-पालटून, नाहीतर हौसिंगची नळी उष्णतेने वाकते आणि अॅक्सल शाफ्ट ऑइल सील खात राहतो. नाक बरंच वर केलं तर हौसिंगमधल्या तेलाची पातळी पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचते का तेही बघा.

फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या हौसिंगला हे स्वातंत्र्य नाही. तिथे हौसिंग फिरवलं की कॅस्टर (चाक वळतं त्या धुरीचा मागे-पुढे कल) बदलतो आणि स्टिअरिंग हायवेवर भरकटतं. पुढे कॅस्टरला पहिला मान, शाफ्टचा कोन त्याच्यानंतर.

शाफ्ट बनवायला देताना

लांबी गाडी टायरवर असतानाच मोजा. स्लिप योक (गिअरबॉक्सच्या दातेरी दांड्यावर, म्हणजे स्प्लाइनवर, आत-बाहेर सरकणारा योक) असेल तर तो गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकला, मग २५ मिमी बाहेर काढा, आणि त्या जागेपासून क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. तितकी मोकळीक नसेल तर पाटे दबताना योक आत आदळतो आणि गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगचा बळी जातो. जास्त बाहेर असेल तर स्प्लाइनची पकड कमी होते आणि योक डुगडुगतो.

नव्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरवणारा वरचा गिअर) असेल तर एक हिशेब आवर्जून करा. ०.७ च्या गिअरमध्ये इंजिन २२०० वर असताना शाफ्ट ३१४० फेऱ्यांवर असतो. इंजिन शांत वाटतं म्हणून शाफ्टही निवांत असेल असं वाटतं, ते चूक. शाफ्टच्या फेऱ्या ठरवतात टायर आणि डिफरेन्शियल: ८०० मिमी व्यासाच्या टायरवर ताशी १०० किमीला चाक मिनिटाला ६६३ फेऱ्या मारतं, ४.१० च्या क्राउन-पिनियनने शाफ्ट २७२० वर जातो.

प्रत्येक नळीला एक वेग असा असतो जिथे ती मध्यात धनुष्यासारखी वाकू लागते. स्टीलच्या नळीसाठी बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले १२ कोटी, भागिले लांबीचा वर्ग, सगळं मिलिमीटरमध्ये. ८९ मिमी बाहेर, ८४ मिमी आत, १५०० मिमी लांब नळीला सुमारे ६५०० फेऱ्या येतात. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ४९०० पर्यंत वापरा. हीच नळी १८०० मिमी केली तर मर्यादा ३४०० वर घसरते आणि वरच्या उदाहरणातली गाडी ताशी १२० ला ३२६० वर असते. अगदी काठावर. तिथे जाड व्यासाची नळी घ्या किंवा सेंटर बेअरिंग टाकून शाफ्ट दोन तुकड्यांत करा.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला तीन क्रॉस येतात. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत ठेवा, पहिल्या क्रॉसला अर्धा ते दीड अंश. त्याचा चढउतार कटत नाही, म्हणून तो लहानच हवा. उरलेले दोन क्रॉस एकमेकांशी जुळवा. सेंटर बेअरिंगची पट्टी उभ्या लांबट भोकांची करा, म्हणजे पॅकिंगने वरखाली करता येते. गाडी पहिल्या गिअरमध्ये उठताना ताशी ३०-४० पर्यंतच झटके देते आणि पुढे शांत होते, तर दोष बहुतेक या बेअरिंगच्या उंचीत असतो.

ट्रान्सफर केसला (फोर व्हील ड्राइव्हमध्ये ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याला) डबल कार्डन जॉइंट (लागून असलेल्या दोन क्रॉसचा सांधा) असेल तर समांतरतेचा नियम तिथे लागू नाही. तो जोड चढउतार स्वतःतच कापतो. म्हणून पिनियनचं नाक थेट ट्रान्सफर केसकडे रोखायचं, मागच्या क्रॉसला चालताना अर्धा ते एक अंश राहील असं. पाट्यांसाठी नाक १-२° खाली ठेवायचा नियम मात्र इथेही तसाच.

स्लिप जोड असलेल्या शाफ्टचे दोन्ही योक एका ओळीत आहेत ना, हे जोडताना डोळ्याने बघा. १६ दातांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला की २२.५° चा फरक पडतो, आणि मग कोन कितीही अचूक असले तरी कटत नाहीत. बनवणाऱ्याच्या बाणखुणा असतील तर त्याच पाळा, काही तीन क्रॉसच्या शाफ्टमध्ये योक मुद्दाम फिरवलेले असतात. खुणा नसतील तर सोडवण्याआधी छिन्नीने दोन ठिपके मारा.

पूर्ण वरखाली करून बघणं

चासी स्टँडवर घ्या, हौसिंग लोंबू द्या. दोन्ही टोकांना हाताने शाफ्ट पूर्ण फेरी फिरवा. योकचा कान योकला घासतो का, स्लिपची पकड किती उरते, नळी क्रॉस मेंबरला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागते का. मग हौसिंगखाली जॅक घालून बंप स्टॉपपर्यंत (हौसिंगला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर घ्या, पुन्हा तेच. या स्थितीत इंजिन चालवून चाकं फिरवू नका. लोंबकळत्या हौसिंगचे कोन रस्त्यावर कधीच येत नाहीत, त्यावरून काही कळत नाही आणि क्रॉस मात्र मोडू शकतो.

रस्त्यावर

थरथर ज्या वेगाला येते तिथे न्यूट्रल करा. गेली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंग बघा. राहिली तर मागचं काही आहे. ताशी १०० ला वरच्या गाडीत टायरचा दोष सेकंदाला ११ वेळा जाणवतो, स्टिअरिंग आणि सीट हलतात. शाफ्टच्या बॅलन्सचा दोष ४५ वेळा, म्हणजे जाड घरघर. कोनाचा दोष फेरीला दोनदा, म्हणून ९०, तो कानाला घुमण्यासारखा लागतो. मोबाइलवरचं व्हायब्रेशन मोजणारं अॅप सीटवर ठेवून हे तीन आकडे ओळखता येतात.

अॅक्सलेटर दाबल्यावर घुमतं आणि सोडल्यावर थांबतं, तर नाक समांतरतेच्या वर जातंय. सोडल्यावरच घुमतं तर नाक गरजेपेक्षा खाली आहे. गिअरबॉक्स माउंटिंगखाली ६ मिमीचं पॅकिंग घालून किंवा काढून पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवा. आवाज कुठल्या बाजूला कमी होतो ते कळलं की पाचर कुठे आणि किती, ते ठरतं. एका वेळी एकच बदल करा.

चुकीचे कोन घेऊन गाडी तशीच पळवली तर आधी क्रॉसच्या कपाभोवती तांबूस गंजाची पूड दिसते, मग गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल झिरपतं, सील बदललं तरी महिन्याभरात पुन्हा. पुढची पायरी गिअरबॉक्सच्या शेपटीचं ओतीव घर तडकणं. मागचं सील वारंवार जात असेल तर चौथं सील घेण्याआधी गेज काढा.

पहिल्या १०० किमीनंतर यू बोल्ट, फ्लॅन्जचे बोल्ट आणि माउंटिंगचे नट पुन्हा आवळा. ५०० किमीनंतर, पाटे आणि रबर बसल्यावर, तिन्ही उतार परत मोजा. ते आकडे, तारीख आणि मडगार्डची उंची दरवाजाच्या आतल्या चौकटीवर पेंट मार्करने लिहून ठेवा.